उलट्या हातांची दुवा

त्या वर्षी डोंगरावर बर्फ धड पडलंच नाही. जून सरता सरता पाटाला घोट्याएवढं पाणी उरलं, आणि तलासच्या खोऱ्यातल्या त्या गावात माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं सोडून एकमेकांच्या बांधाकडे बघायला लागली. राजमा ऐन फुलात होता. फुलात असताना पाण्याला ताण बसला की फूल झडतं, शेंग धरत नाही, आणि मग सप्टेंबरात उपटायला नुसत्या काड्या उरतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून पाटकरी तुरार, जो एरवी कुणाच्या खिजगणतीत नसायचा, तो त्या महिन्यात घोड्यावर ताठ बसून हिंडत होता आणि भलेभले त्याला वाकून सलाम घालत होते.

बुरूलच्या घरची पाण्याची पाळी नऊ दिवसांनी एकदा यायची, या खेपेला गुरुवारी. घरची म्हणजे खरं तर दोन घरांची. वरचं शेत सासऱ्याचं, सुयुनाली म्हाताऱ्याचं. खालचं नवऱ्याचं, इशेनचं. दोन्हींना मिळून पाटाचं दारं, म्हणजे पाणी सोडायची वाट, एकच. सूर्य उगवल्यापासून दुपारच्या नमाजापर्यंत पाणी वरच्या शेताला, तिथून मावळतीपर्यंत खालच्याला. बाप आणि लेक एकाच पाटावर तीस पावलांवर खोरं घेऊन उभे राहायचे, आणि दोन वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

बोलायचं तर मध्ये बुरूल लागायची.

"सूनबाई, त्याला सांग, बांधाला उंदरानं बीळ पाडलंय. माझं पाणी तो फुकट पितोय."

इशेन तिथंच उभा. खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून तो म्हणायचा, "बाबांना सांग, बीळ मी सकाळीच बुजवलंय."

"त्याला सांग, नीट बुजव म्हणावं."

"अहो मामंजी, ऐकलं की त्यांनी! बहिरे आहेत का ते?"

"तू सांग."

मग बुरूल मान वळवून सांगायची, "अहो, नीट बुजवा म्हणतात." इशेन "बरं" म्हणायचा, आणि तो "बरं"सुद्धा तिला उचलून तीस पावलं वर न्यावा लागायचा. पहिल्या वर्षी तिला याचं हसू यायचं. दुसऱ्या वर्षी हसू यायचं बंद झालं.

झालं होतं ते असं. सासू जाऊन वर्ष झालं म्हणून घातलेल्या जेवणाला घोडा कापला होता, साठ माणसं पंगतीला होती. इशेनची दारू सुटून तेव्हा चार वर्षं झाली होती. एका हिवाळ्यात तो पिऊन पाटात पडला होता आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं थंडीनं गेली होती, असा तो पिणारा. त्याची दारू सुटली याचं गावाला कौतुकच होतं. पण ती सुटली कशी, ते हळूहळू बाहेर आलं. शहरात एका खोलीत पाचदहा माणसं ईसा मसीहाच्या नावानं प्रार्थनेला बसतात आणि इशेन तिथं जातो, बायकोलाही नेतो, असं कळलं. जेवण उरकत आलं तेव्हा म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर लेकाला विचारलं, "हे लोक काय काय बोलतात तुझ्याबद्दल. एकदा सांगून टाक यांना, खोटं आहे म्हणून."

इशेन उठून उभा राहिला. बुरूल स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तो म्हणाला, "बाबा, मी तुमचाच आहे. पण ईसावर माझं प्रेम आहे. ते खोटं कसं म्हणू?"

त्यांच्याकडे जेवण संपलं की घरातला वडीलधारा दोन्ही हात तोंडासमोर धरतो, तळहात स्वतःकडे, आणि दुवा देतो. मग सगळे ओमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवतात. त्या दिवशी सुयुनालीनं हात उचलले आणि उलटे फिरवले. तळहात बाहेर, लेकाकडे. "तुझं पेरलेलं उगवू नये," तो म्हणाला. "तुझा उंबरा कुणी ओलांडू नये." आणि हात खाली टाकले. त्या मुलखात माणसं बंदुकीला भीत नाहीत एवढी या उलट्या हातांच्या दुवेला भितात. ओमीन कुणीच म्हटलं नाही. माणसं बूट शोधून भराभरा निघून गेली.

तेव्हापासून त्या घरात काही वाईट झालं की गावाला कारण तयार असायचं. त्या साली शेजारच्या कालीचाची गाय मेली आणि बुरूलचीही मेली. कालीचाची आजारानं मेली, बुरूलची शापानं!

गाय गेली ती गेली. बुरूलला खरं जाळत होतं ते दुसरंच. तिची एकुलती एक लेक मीरिम गेल्या वर्षी पलीकडच्या गावात दिली होती. लग्नानंतर सासरची माणसं नवी सून वाजतगाजत माहेरी आणतात, त्यानंतरच तिला माहेरी यायची वाट मोकळी होते. तेरा महिने झाले, मीरिमला कुणी आणलं नव्हतं. विहीण वाईट नव्हती हो. बाजारात भेटली तर दोन्ही गालांना गाल लावायची. पण बोलली ती स्पष्ट बोलली, "विहीणबाई, माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण म्हातारे सुलट्या हातांनी दुवा देत नाहीत, तोवर माझी सून तो उंबरा ओलांडणार नाही. तिच्या पोटात आमचं नातवंड आहे." तेरा महिन्यांत मायलेकी दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा बाजारात, आणि कांद्याच्या पोत्यांआड उभ्या राहून रडून घेतलं.

इशेन म्हणायचा, "अगं, शाप ईसानं घेतला सगळा. आपल्यावर काही उरलेलं नाही."

बुरूल मान डोलवायची. तिचंही ईसावर प्रेम होतं, आणि ते नवऱ्याच्या मागून फरपटत आलेलं नव्हतं. कणीक मळताना, धार काढताना ती त्याच्याशी बोलायची, कधी त्याच्यावर रुसायचीसुद्धा. ज्यानं आपला माणूस पाटातून उचलून घरी आणून दिला, त्याच्यावर जीव कसा जडणार नाही? पण मान डोलवून झाली की ती गोठ्यात जायची आणि वासराच्या गळ्यात लाल दोरा बांधायची. भीती हाडात असली की ती प्रार्थनेनं लगेच निघत नाही.

त्यात गेल्या रविवारी नवीनच घोर लागला. शहरातल्या त्या खोलीत प्रार्थना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यानं पवित्र पुस्तकातलं शेवटाकडचं एक वाक्य वाचलं. ज्याचं प्रभूवर प्रेम नाही त्याला शाप असो, असं काहीतरी. बाकीच्यांनी ऐकलं आणि पुढं सरकले. बुरूल तिथंच अडकली. परतताना गाडीत ती अवाक्षर बोलली नाही. फाटकापाशी उतरल्यावर मात्र तिनं इशेनची बाही धरली.

"म्हणजे मामंजींनाही?"

"काय मामंजींना?"

"तुमचं ईसावर प्रेम आहे म्हणून त्यांनी तुम्हाला शाप दिला. आणि त्यांचं नाही म्हणून आपलं पुस्तक त्यांना देतंय. हे काय चाललंय? इकडून शाप, तिकडून शाप. मग या घरात दुवा द्यायची कुणी?"

इशेन बराच वेळ फाटकाची कडी खालीवर करत राहिला. "मला नाही गं एवढं कळत. मी ट्रॅक्टर चालवणारा माणूस. एवढंच कळतं की शाप द्यायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही."

"वा! फार मोठं सांगितलंत," बुरूल म्हणाली आणि गोठ्याकडे गेली.

गुरुवार उजाडला तो वाऱ्याशिवायच. सकाळी नऊलाच अंगाला चटके बसत होते. सुयुनाली गुडघ्याएवढे रबरी बूट घालून, नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पांढरी टोपी कपाळावर ओढून दारे धरत होता. शहात्तर वर्षांचा माणूस. खरं तर हे काम धाकट्या लेकाचं. म्हाताऱ्या आईबापाला धाकट्यानं सांभाळायचं असतं. पण धाकटा बायकोला घेऊन मॉस्कोला इमारतींच्या कामावर गेला होता, आणि गेला तो फोनवरच उरला होता. म्हातारा एका सरीचं तोंड मातीनं बंद करायचा, दुसरीचं उघडायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, पुन्हा वाकायचा. पाणी सरीत शिरायचं ते शेवटापर्यंत पोचायचंच नाही, मध्येच जमीन पिऊन टाकायची. अकरा वाजले तरी शेत अर्धं कोरडं होतं.

खाली इशेन आपल्या सऱ्या साफ करून पाण्याची वाट बघत होता. बुरूल राजम्याच्या ओळीतलं तण उपटत होती. वरून धप्प असा आवाज आला तेव्हा तिनं मान वर केली. वरचा बांध फुटला होता. म्हातारा पाणी अडवायला धावला, चिखलात त्याचा एक बूट रुतला, पाय बुटातून निम्मा बाहेर आला आणि तो कुशीवर पडला. टोपी वाहत खाली निघाली.

इशेन पळत सुटला. आधी त्यानं खोऱ्यानं चारपाच ढेकळं टाकून बांध अडवला, मग बापाकडे वळला. म्हातारा चिखलात बसला होता. एका पायात बूट, दुसऱ्यात फाटका मोजा. घोटा बघता बघता सुजत चालला होता.

"सूनबाई," म्हातारा दातांवर दात दाबून म्हणाला, "त्याला सांग, मला हात लावू नको."

बुरूल धापा टाकत पोचली होती. तिला रडावं का हसावं कळेना.

इशेन म्हणाला, "बाबांना सांग, हात नाही लावत. पाठ लावतो." आणि पाठ करून तो बापासमोर उकिडवा बसला.

म्हाताऱ्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. उठायचा प्रयत्न केला आणि कळवळून पुन्हा बसला. आसपास दुसरी पाठ नव्हती. शेवटी त्यानं लेकाच्या खांद्यांवर हात टाकले. इशेन उठला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच कण्हणं निघालं. बुरूल रुतलेला बूट उपसून, वाहून गेलेली टोपी शोधून मागून चालायला लागली. टोपीतून चिखलाचं पाणी गळत होतं. रस्त्यात कालीचा फाटकात उभी होती, तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. म्हाताऱ्यानं लेकाच्या मानेमागं तोंड लपवलं.

म्हाताऱ्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं थंड चूल आणि रिकाम्या खोल्या. इशेन आपल्या फाटकात वळला तसा म्हातारा पाठीवर चुळबुळायला लागला. "इथं नको. इथं नको म्हणतोय ना!" पण उतरून चालायला पाय नव्हता.

इशेननं त्याला दारालगतच्या नमद्यावर बसवलं. समोरच्या भिंतीशी मानाची जागा होती, गाद्या घातलेली. म्हाताऱ्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. इशेन तसाच शेतावर पळाला. नमाजाची वेळ झाली होती, त्याची पाळी सुरू होत होती.

बुरूलनं परातीत कोमट पाणी आणून मीठ टाकलं आणि सासऱ्याचा पाय त्यात ठेवला. म्हातारा भिंतीकडे बघत राहिला. चिखल निघाला तेव्हा तिला नखं दिसली. वाढून वाढून वाकडी झालेली, एक तर शेजारच्या बोटात रुतलेलं.

"अहो मामंजी, हे काय?"

"काय?"

"नखं केव्हा कापली होती?"

म्हातारा भिंतीलाच म्हणाला, "वाकता येत नाही. ती होती तेव्हा ती कापायची."

सासूला जाऊन तीन वर्षं झाली होती. बुरूलनं हात पुसले. उठून कात्री आणली, पाय मांडीवर घेतला आणि एकेक नख हळूहळू कापलं. म्हाताऱ्यानं मान आणखी भिंतीकडे वळवली. मोठ्या लाजेची गोष्ट होती ती त्याच्यासाठी, आणि तिला ते कळत होतं, म्हणून ती सगळा वेळ वासराबद्दल बोलत राहिली. वासरू दूध कसं सांडतं, दावं कसं चावतं, असलं काहीबाही.

मग तिनं दस्तरखान, जेवणाचं कापड, अंथरला. सकाळची भाकरी, वाटीत साय, चहा. त्यांच्याकडे आलेला माणूस भाकरीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय घरातून जात नाही, वैरी असला तरी.

"चाखा, मामंजी."

"नको."

"घरी आलेल्या माणसानं—"

"मी आलोच नाही," म्हातारा म्हणाला. "मला आणलंय."

चहा निवत राहिला. म्हातारा भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला, झोपला नव्हता. ती दाराशी सूप घेऊन बसली आणि मनातल्या मनात म्हणाली, 'बघतोयस ना? उंबऱ्याच्या आत आलाय. आता पुढचं तुझं तू बघ, माझं डोकं थकलं.'

ऊन कलंडलं, भिंतीवर चढलं. अंगणात घोडा फुरफुरला. तुरार पाटकरी होता. आत येऊन त्यानं म्हाताऱ्याला सलाम केला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"काका, पाय कसाय? मोडला नाही ना? बरं झालं. पण तुमच्या पोराचं डोकं फिरलंय, तेवढं सांगायला आलो."

"का?" म्हाताऱ्यानं डोळे उघडले.

"दुपारपासून त्याची पाळी. गड्यानं फुटलेला बांध घातला आणि सगळं पाणी तुमच्याच शेताला सोडलं. वरचं शेत शेवटच्या सरीपर्यंत भिजलंय. स्वतःच्या चार सऱ्या झाल्या असतील, नसतील. मी म्हटलं, येड्या, अजून दोन तास आहेत, आपलं बघ की. ऐकतोय कुठं! आता मी दारं बंद करून आलो. पुढची पाळी नऊ दिवसांनी."

नऊ दिवस! बुरूलच्या हातातलं सूप खाली आलं. नऊ दिवस फूल कुठं टिकतंय? खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला नवऱ्याचा संताप संताप आला. बापाचं शेत भिजवायचं तर भिजव, पण आपल्या घासाचं काय?

तेवढ्यात इशेन आला. मांडीपर्यंत चिखल, डोळे लाल. खोरं भिंतीला लावलं. त्यानं तुरारला पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि काय झालं असेल ते ओळखून दारातच थांबला.

"गाढवा," म्हातारा म्हणाला, "पाणी का सोडलंस माझ्या शेताला?"

बुरूल सवयीनं नवऱ्याकडे वळली, हे पुढं पोचवायला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की म्हातारा थेट बोलला होता. इशेनलाही क्षणभर उमगेना कुणाकडे बघून उत्तर द्यावं.

"तुमचं अर्धंच झालं होतं, बाबा."

"आणि तुझं?"

"माझ्या चार सऱ्या झाल्या."

"चार सऱ्या! आता लोक काय म्हणतील? म्हातारा बोलला होता पेरलेलं उगवू नये, तसंच झालं. शाप लागला म्हणतील."

"म्हणू देत."

"म्हणू देत काय! लागलाच की!"

"मला नाही लागला, बाबा."

म्हातारा ताठ झाला. आता त्याला दुसराच राग आला. "का नाही लागला? माझे हात काय उगीच उचलतात काय? माझ्या बापानं एकाला उलटे हात दाखवले होते, त्याचा अख्खा कळप दरीत गेला! मी साठ माणसांसमोर बोललो. ते काय वाऱ्यावर गेलं? कुठंतरी लागलंच असणार ते."

"लागलं," इशेन म्हणाला. "ईसाला लागलं."

म्हातारा पुढं झुकला.

"कुणाला?"

"ईसाला. आमच्या पुस्तकात तसं आहे, बाबा. माणसांवर पडायचे होते ते शाप त्यानं स्वतःच्या अंगावर घेतले. लाकडावर टांगलं त्याला. टांगलेला माणूस म्हणजे शापाचा धनी, असं मानायचे तेव्हा. त्यानं मुद्दाम घेतलं ते. तुम्ही मला दिलात, तोही त्यानंच घेतला. नाहीतर मी कुठला वाचायला? त्या पाटातच राहिलो असतो."

"मशिदीतला मोल्दो सांगतो, त्याला कुणी टांगलंच नाही. अल्लानं त्याला वर उचलून नेलं."

"माहीत आहे, बाबा. त्यावरून आपलं भांडण आहेच. ते आज मिटायचं नाही."

म्हाताऱ्याचा हात दाढीकडे गेला आणि तिथंच राहिला. मग तो बोलला, पण कुणाशी बोलतोय ते कळेना. "ईसा. मरियमचा ईसा. सलाम असो त्याच्यावर. माझी आई दुखणाइतांवरून हात फिरवताना त्याचं नाव घ्यायची. मेलेल्याला उठवणारा, आंधळ्याला डोळे देणारा. आम्ही लहान असताना तापात पडलो की म्हणायची, ईसाचा श्वास लागो तुम्हाला." तो इशेनकडे वळला. "त्याचं माझं काय वाकडं? मी त्याला शाप कधी दिला?"

"तुम्ही मला दिलात. तो मध्ये आला."

"त्याला कुणी सांगितलं होतं मध्ये यायला?" म्हातारा ओरडला. "मला विचारायचं तरी! बापलेकाच्या भांडणात असं कुणी मध्ये पडतं काय?"

तुरारला हसू फुटलं. म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"खोटं बोलतोस तू," म्हातारा म्हणाला.

इशेन आत येऊन बापासमोर बसला.

"खोटंच असणार. पण..." म्हाताऱ्याचा खालचा ओठ थरथरायला लागला, त्यानं तो मनगटानं दाबला. "पण समजा खरं असलं, तर? तर दोन वर्षं तो बिचारा माझं बोलणं अंगावर घेऊन... नाही. नाही रे. त्याच्यावर नको. तुझ्यावर राग होता माझा. त्याच्यावर नव्हता कधी."

बुरूल बघत होती. रविवारपासून तिच्या काळजात रुतून बसलेलं ते वाक्य, ज्याचं प्रभूवर प्रेम नाही त्याला शाप असो, ते तिला आठवलं आणि तिनं सासऱ्याकडे नीट पाहिलं. ईसाच्या अंगावर आपला एक शब्ददेखील पडू नये म्हणून हा शहात्तर वर्षांचा हट्टी माणूस ओठ चावून रडू आवरत होता. याला प्रेम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? याला कोण शाप देईल? तिला इतकं हलकं वाटलं की तिनं सूप पायाशी ठेवून दिलं आणि भिंत धरली.

"सूनबाई," म्हातारा म्हणाला, "भाकरी इकडं कर."

तिनं दस्तरखान त्याच्याजवळ ओढला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, सायीत बुडवला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. दात थोडेच उरले होते. मग थंड चहाचा एक घोट घेतला.

"आता आलो," तो म्हणाला.

आणि त्यानं हात उचलले. चिखल वाळून रेघा पडलेले, कुदळीनं जाड झालेले हात. तळहात आपल्या तोंडाकडे. इशेननं हात पुढं धरले, त्या दोन अर्ध्या बोटांसकट. बुरूलनं धरले. दारातला तुरारही टोपी सरळ करून हात धरून उभा राहिला.

"या घरावर मी उलटं बोललो होतो," म्हातारा म्हणाला, "ते माझ्या तोंडात परत येवो. पेरलेलं उगवो. उंबऱ्यावरून माणसं येत राहोत. चुलीतला विस्तव विझू नये. माझं कुणावर काही पडलं असेल, ते ज्याच्यावर पडलं त्याच्यावरून उतरो. ओमीन."

"ओमीन," तिघं म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. इशेनचे हात चेहऱ्यावरच राहिले, खाली आलेच नाहीत. त्याचे खांदे गदगदायला लागले.

"तू कशाला रडतोस, गाढवा?" म्हातारा म्हणाला. "तुझ्यासाठी नाही दिली. त्याच्यासाठी दिली."

"तेच तर," इशेन हातांच्या आडून म्हणाला. "तेच तर, बाबा."

तुरार बाहेर जाऊन घोड्याचा पट्टा उगीचच सोडून पुन्हा बांधायला लागला. गावात तासाभरात कुणाला कळायचं राहणार नव्हतं.

म्हाताऱ्यानं नाक शिंकरलं. "सूनबाई, तुझ्या विहिणीला फोन लाव."

बुरूलनं फोन शोधला. तिनं लावून दिला. म्हातारा फोन कानापासून वीतभर लांब धरून ओरडून बोलायचा, त्यामुळे विहिणीचं बोलणंही खोलीभर ऐकू येत होतं.

"मी बोलतोय, मीरिमचा आजा. पोरीला घेऊन या. शनिवारी या."

"अहो, पण तुम्ही दुवा..."

"दिली. सुलट्या हातांनी दिली. पाटकरी साक्षीला आहे, विचारा त्याला."

"इशेनला दिलीत ना?"

म्हातारा थांबला. त्यानं लेकाकडे पाहिलं, भिंतीशी असलेल्या मानाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"ते आमच्या घरातलं आहे," तो म्हणाला. "तुम्ही पोरीला घेऊन या." आणि फोन कसा बंद करायचा ते न कळल्यानं तो तसाच बुरूलच्या हातात दिला.

राजमा त्या वर्षी निम्म्याला निम्मा झडला, ते काही चुकलं नाही. पण त्या संध्याकाळी बुरूलला राजमा आठवलाच नाही. बाप आणि लेक आत भांडत होते, मध्ये कुणाला न घेता. बांध कुणी कच्चा ठेवला होता यावरून. ती गोठ्यात गेली, वासराच्या गळ्यातला लाल दोरा दातानं तोडला आणि तिथंच गवतावर गुडघे टेकले. आभार मानायचे होते, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. मीरिमपासून करावी, का इशेनपासून, का त्या फुटलेल्या बांधापासून? त्या मुलखात सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, कधीच नाही, आणि सत्तावीस वर्षांत बुरूलनं ते एकदाही घेतलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि पहिला शब्द आला तोच.

"सुयुनाली," ती म्हणाली. "प्रभू, आमच्या सुयुनालीसाठी तुझे आभार."